पाण्याची पाळी आणि कथेची परिभाषा

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्याने माळेगाव मागे टाकले, की उसाच्या फडांतून वाट काढीत आपण पणदऱ्यास येतो. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत खोदला गेलेला नीरा डावा कालवा या मुलखातून वाहतो, आणि त्याच्या पाण्याने येथील पिकेच नव्हेत, तर माणसांचे वेळापत्रक, त्यांची भांडणे आणि त्यांच्या सोयरिकीसुद्धा बदलून टाकल्या आहेत. या गावांतील मुलगा दहावीला कवितेचे रसग्रहण लिहितो, बारावीला ‘कथा’ या साहित्यप्रकाराचे घटक सांगतो; कथानक, पात्रचित्रण, संघर्ष, वातावरण, निवेदन, संवाद, अलंकार, वृत्त आणि रस या साऱ्या संज्ञांच्या व्याख्या त्याला मुखोद्गत असतात; परंतु एखादी अपरिचित गोष्ट त्याच्यापुढे ठेवून ‘यात संघर्ष कोणता?’ असे विचारले, तर तोच मुलगा अडखळतो.

याचा दोष मी त्या मुलाला देणार नाही. गोष्टी ऐकणाऱ्या आणि त्यांवर विचार करणाऱ्या माणसांनी शतकानुशतके काही प्रश्न पुनःपुन्हा विचारले, आणि दर वेळी सगळा प्रश्न उच्चारण्याचे श्रम वाचावेत म्हणून त्या प्रश्नांना एकेक नाव दिले. ही नावे म्हणजेच आपली साहित्याची परिभाषा. आपल्या वर्गांतून मात्र हे प्रश्न गळून पडले आणि नावे तेवढी शिल्लक राहिली. म्हणून प्रत्येक संज्ञेमागचा मूळ प्रश्न शोधून तो बारामती-इंदापूरच्याच मातीतील उदाहरणांना विचारून पाहावा, असा या लेखाचा उद्देश आहे. या दोन तालुक्यांत अशा उदाहरणांना तोटा नाही. मराठी पंडित कवींतील अग्रगण्य असे मोरोपंत बारामतीत राहिले आणि तेथेच निवर्तले. जिराईत पट्ट्यात धनगरांनी आपल्या दैवतांच्या कथा रात्र रात्र जागून गाइल्या. आणि घरोघरच्या जात्यांवर बायकांनी ओव्यांची रास घातली.

प्रथम एक लहानशी गोष्ट कल्पून घेऊ. पणदऱ्याच्या शिवारातील एका शेतकऱ्याने पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज रीतसर भरला आहे. त्याची पाळी रात्री दोन वाजता येणार, असे पाटकऱ्याने त्याला सांगितले आहे. खांद्यावर फावडे टाकून तो दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला निघतो. चारीवर पोचतो तो काय, पाणी त्याच्या सरीत न जाता शेजारच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या उसात वळलेले, आणि भाऊ बांधावर बसलेला. धाकटा फावडे उचलतो, आणि तसाच थांबतो. सकाळी गाव पाहते, तर दोघांचाही ऊस भिजलेला आहे.

एवढे सांगितल्याने घटना कळल्या, परंतु कथानक हाती आले नाही; कारण ‘पुढे काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तरी ‘ते तसे का झाले?’ हा प्रश्न अनुत्तरित राहिला. आता त्यात एवढीच भर घाला, की मागच्या पाळीला धाकट्याने ठरल्यापेक्षा तीन तास अधिक पाणी घेतले होते, त्यापायी थोरल्याचा नव्या लागणीचा ऊस वाळू लागला होता, आणि ही गोष्ट धाकट्याला ठाऊक असूनही त्याने घरात तिचा उच्चार केला नव्हता. त्याबरोबर उचललेले फावडे हवेत का थांबले, याचा उलगडा होतो. एका घटनेने दुसरीस जन्म द्यावा अशा कार्यकारणाने घटना बांधल्या गेल्या, की त्या बांधणीस कथानक म्हणावे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या काव्यशास्त्रात, ज्याचा मराठी अवतार विंदा करंदीकरांनी सिद्ध केला, कथानकाला आदि, मध्य आणि अंत असले पाहिजेत असे म्हटले आहे. विद्यार्थ्यांना हे विधान अगदीच बाळबोध वाटते, कारण कोणत्याही वस्तूला सुरुवात आणि शेवट असायचेच. त्याचे मर्म असे, की ज्याच्या आधी काही असण्याची गरज वाटत नाही तो आदि, ज्याच्यानंतर काही असण्याची गरज उरत नाही तो अंत, आणि मधल्या प्रत्येक दुव्याला मागचा दुवा कारण व पुढचा दुवा परिणाम असतो. शिवाय घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगण्याचे बंधन लेखकावर नाही. दोघांचा ऊस भिजलेला आहे या सकाळच्या नवलापासून तो आरंभ करील आणि रात्रीकडे मागे जाईल, किंवा मागच्या पाळीचे ते तीन तास अगदी शेवटच्या परिच्छेदापर्यंत दडवून ठेवील. घडण्याचा क्रम एक आणि सांगण्याचा क्रम दुसरा, एवढा भेद विद्यार्थ्याच्या ध्यानात आला, तर कथानकाविषयीचे त्याचे निम्मे शिक्षण झाले असे मी समजतो.

पात्राविषयी व्याख्या पाठ करण्यापेक्षा ‘याला काय हवे आहे?’ असा प्रश्न करावा. धाकट्याला पाणी हवे आहे. पण भावाशी उभा दावा मांडून मिळणारे पाणी त्याला नको आहे. या दोन इच्छा एकाच छातीत नांदत असल्यामुळे तो पात्र म्हणून जिवंत होतो. पाटकऱ्याच्या इच्छेविषयी आपल्याला काहीच कळत नाही. तो वेळ सांगतो आणि निघून जातो. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ मध्ये कादंबरीवर दिलेल्या व्याख्यानांत पात्रांचे सपाट आणि गोलाईयुक्त असे दोन प्रकार केले, आणि वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करण्याची शक्ती ही दुसऱ्या प्रकाराची कसोटी ठरवली. त्या कसोटीने पाटकरी सपाट ठरतो, आणि त्यात कमीपणाही काही नाही, कारण लहान कथेत सगळ्याच माणसांनी चकित करायचे ठरवले तर कथा कोणाचीच राहणार नाही.

संघर्षाचा प्रश्न त्यातूनच उद्भवतो : जे हवे आहे त्याच्या आड काय येते? येथे मुले बहुधा मारामारी शोधतात आणि ती सापडली नाही म्हणजे ‘या कथेत संघर्ष नाही’ असे लिहून मोकळी होतात. आपल्या गोष्टीत भाऊ भावाच्या आड आहे, हे उघड दिसते; त्याच्या मागे मोजक्याच पाण्याचा आणि वाळत्या पिकाचा, म्हणजे निसर्गाचा अडसर आहे; त्याच्याही मागे पाळीचा सरकारी नियम आहे, जो धाकट्याच्या बाजूने असूनही त्याला उपयोगी पडत नाही; आणि या सर्वांच्या तळाशी त्याच्या स्वतःच्या मनातील अपराधाची जाणीव आहे. उचललेले फावडे थांबते ते या शेवटच्या संघर्षामुळे. एका गोष्टीत चार पदर निघाले, आणि कोणी कोणावर हातही उगारला नाही.

आता ज्या संज्ञेकडे शाळेत सर्वांत कमी लक्ष दिले जाते, पण ज्या संज्ञेवाचून कथेचा अर्थच लागत नाही, त्या निवेदकाकडे वळू. ‘हे कोण सांगत आहे, आणि त्याला कितपत ठाऊक आहे?’ हा तो प्रश्न. मामलेदार कचेरीत बांधाच्या तंट्याची चौकशी चालली असता चौघांच्या चार जबान्या होतात. घटना एकच, साक्षीदारही प्रामाणिक, तरी प्रत्येकाने पाहिलेले निराळे, लपवलेले निराळे आणि गृहीत धरलेले तर त्याहून निराळे. कथेतील निवेदकाचेही तसेच आहे. आपली गोष्ट धाकट्याने सांगितली, तर मागच्या पाळीचे तीन तास तो केव्हा कबूल करतो यावर सगळी कथा तोलली जाईल. थोरल्याच्या बायकोने सांगितली, तर चारीवर काय घडले हे तिने पाहिलेलेच नाही. ती नवऱ्याच्या चिखलाने भरलेल्या पायांवरून आणि त्याच्या मौनावरून अनुमान करील, आणि तिची कथा कदाचित सर्वांत हृदयस्पर्शी होईल. सर्वज्ञ निवेदकाने सांगितली, तर त्याला दोघांच्याही मनात शिरण्याची मुभा राहील. मात्र एवढा अधिकार हाती असल्यावर काय सांगायचे नाही याचा विवेक त्याला अधिक कसोशीने पाळावा लागेल.

लेखक आणि निवेदक ही दोन माणसे आहेत, हे समजावून देण्यासाठी हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीसारखे उदाहरण मराठीत दुसरे नाही. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून ती क्रमशः प्रसिद्ध होत होती, तेव्हा १८६४ मध्ये जन्मलेले हरिभाऊ ऐन पंचविशी-तिशीतले पुरुष होते. आणि कादंबरी सांगते यमू, एका मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील मुलगी, स्वतःच्या आयुष्याची कहाणी स्वतःच्या तोंडाने. तिला जेवढे कळते तेवढेच वाचकाला कळते. बालवयात ज्या गोष्टी तिला स्वाभाविक वाटतात त्यांतील अन्याय वाचकाला तिच्या आधी जाणवतो, आणि हे अंतर हीच त्या कादंबरीची दाहक शक्ती होय. ‘लेखक म्हणतो की माझे लग्न झाले’ असे एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरात लिहिले, तर हसू नये. निवेदक म्हणजे काय हे त्याला कोणी नीट सांगितलेच नाही, असे समजावे.

आपल्या भागाला भूगोलाने आणि जीवनक्रमाने जवळ असलेले उदाहरण व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे आहे. १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीत माणदेशातील धनगरांच्या वस्तीची हकिकत तेथे नव्याने नेमला गेलेला एक तरुण शाळामास्तर सांगतो. वाडीतल्याच एखाद्या म्हाताऱ्याकडे निवेदन सोपवणे माडगूळकरांना अशक्य नव्हते. परंतु वाडीत जन्मलेल्या माणसाला वाडीचे नवल वाटत नाही, आणि ज्याला नवल वाटत नाही तो निरखूनही सांगत नाही. मास्तर परका आहे, वयाने लहान आहे, प्रथम भ्यालेला आहे. म्हणून वाडी त्याला जशी हळूहळू उलगडत जाते तशीच ती आपल्यालाही उलगडते. निवेदकाची निवड ही लेखकाने केलेली पहिली आणि बहुधा सर्वांत मोठी निवड असते.

जात्यावरच्या ओवीत हाच प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह पुणे जिल्ह्यातील व महाराष्ट्राच्या इतर भागांतील गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्यांतील ‘मी’ कोण, असे विचारले तर एका बाईचे नाव सांगता येणार नाही. ओवीतली बहीण भावाची वाट पाहते, आई लेकीला सासरी धाडते. आणि जी बाई ती ओवी जात्यावर बसून म्हणते ती तेवढ्यापुरती त्या ‘मी’ची मालकीण होते. कवितेतील ‘मी’ म्हणजे कवी स्वतःच, असे धरून चालणाऱ्या विद्यार्थ्याने ओव्यांचा विचार अवश्य करावा. धनगरांच्या ओवीची रीत आणखी निराळी. सुंबरान, म्हणजे दैवताचे स्मरण, मांडून बिरोबाची किंवा म्हस्कोबाची कथा सांगताना काही भाग गायचा आणि तोच धागा मग गद्यात बोलून पुढे न्यायचा, अशी तिची घडण आहे. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी महाराष्ट्रात वर्षानुवर्षे हिंडून तिचा अभ्यास केला. गाणारा आणि बोलणारा असे निवेदनाचे दोन स्वर एकाच कथेत नांदवण्याची ही युक्ती शिकण्यासाठी बारामती-इंदापूरच्या मुलाला परदेशी कादंबऱ्या धुंडाळाव्या लागत नाहीत.

वातावरण म्हणजे आरंभीचे चार ओळींचे सूर्योदयवर्णन, अशी एक समजूत आहे, आणि निबंधाच्या तयार पुस्तकांनी ती दृढ केली आहे. ‘हे येथे आणि तेव्हाच का घडू शकते?’ हा वातावरणाचा खरा प्रश्न आहे. आपली दोन भावांची गोष्ट कालवा खोदण्यापूर्वीच्या पणदऱ्यात घडूच शकली नसती, कारण तेव्हा भांडण झाले असते ते पावसाशी, आणि पावसाला पाळी नसते. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी पळसदेव आहे. १९८० च्या सुमारास उजनी धरण पुरे होऊन पाणी साठले आणि पळसनाथाचे प्राचीन मंदिर जलाशयाखाली गेले. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे ते पुन्हा दिसू लागते. या स्थळी कथा रचणाऱ्याला वातावरण वेगळे निर्माण करावे लागत नाही. ज्या वर्षी पिकांना पाणी नाही त्याच वर्षी देवाचे दर्शन होते, या एका वस्तुस्थितीतच कथानकाचे बीज पडलेले आहे. वातावरण जेव्हा घटनांना कारण पुरवते तेव्हा ते कथेचे अंग होते. एरवी ते पडद्यावरील चित्र होय.

गद्यातून पद्याकडे जाताना बारामतीकरांना मोरोपंतांचा आधार आहे. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेले मोरेश्वर रामजी पराडकर बारामतीला बाबूजी नाइकांच्या आश्रयास आले, तेथे पुराणे सांगत आणि ग्रंथरचना करीत राहिले, आणि १७९४ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. नाईक हे पेशव्यांच्या नात्यातले आणि त्या काळचे बडे सावकार. त्यांच्या पदरी राहून समग्र महाभारत आर्यांत उतरवण्याचा जो प्रचंड उद्योग पंतांनी केला, त्याचे नाव ‘आर्याभारत’. पुढे कीर्तनकारांनी उत्तररंगातील आख्याने रंगवताना या आर्यांचा मुक्तहस्ते उपयोग केला, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही कानांत त्या बसल्या.

कानांत बसण्याचे कारण मात्रांच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब पाचवीतला मुलगाही करू शकतो. ऱ्हस्व स्वराच्या अक्षराला एक मात्रा, दीर्घ स्वराच्या किंवा अनुस्वारयुक्त अक्षराला दोन. आणि ऱ्हस्व अक्षरापुढे आघात देणारे जोडाक्षर आले तर त्यालाही दोन. एक मात्रेचे ते लघु, दोन मात्रांचे ते गुरू. ‘पणदरे’ या नावात तीन लघू आणि एक गुरू, म्हणजे पाच मात्रा. ‘बारामती’त सात. ‘इंदापूर’मध्येही सात. शुद्ध आर्येच्या चार चरणांत अनुक्रमे बारा, अठरा, बारा आणि पंधरा मात्रा असतात; पंतांनी जिचा सर्वाधिक वापर केला त्या गीतीत शेवटच्या चरणातही अठरा असतात, म्हणजे दोन्ही अर्धे तीस-तीस मात्रांचे होऊन समतोल साधतात. हे मात्रावृत्त झाले. त्यात हिशेब मुख्यतः बेरजेचा असतो. अक्षरगणवृत्तात मात्र लघु-गुरूंचा क्रमच बांधून दिलेला असतो. बारामती आणि इंदापूर या दोन्ही नावांत चार अक्षरे आणि सात मात्रा आहेत, तरी बारामतीची पहिली तीन अक्षरे गुरू, गुरू, लघू अशी म्हणजे ‘त’ गण होतात आणि इंदापूरची तिन्ही गुरू म्हणजे ‘म’ गण. त्यामुळे अक्षरगणवृत्तात एकाच्या जागी दुसरे नाव घालू गेल्यास चाल तत्काळ मोडते. पंतांच्या ‘केकावली’चे पृथ्वी वृत्त या जातीचे आहे : सतरा अक्षरे, गण ज, स, ज, स, य आणि शेवटी एक लघू व एक गुरू, आठव्या अक्षरानंतर विराम. विद्यार्थ्याने आपल्या गावाची, नदीची, मित्रांची नावे घेऊन तासभर असे गण पाडून पाहावेत. पाठ केलेल्या लक्षणांपेक्षा ते अधिक टिकते.

पंतांनी १०८ रामायणे रचली अशी प्रसिद्धी आहे, आणि त्यांतील कित्येक केवळ रचनेच्या अटींमुळे विख्यात झाली. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांना ओठ लागणारा एकही वर्ण येऊ द्यायचा नाही अशी प्रतिज्ञा आहे, म्हणजे प, फ, ब, भ आणि म ही अक्षरे वर्ज्य. यातील अवघडपणा असा, की ज्या नायकाची कथा सांगायची त्याचे ‘राम’ हे दोन अक्षरी नावच कवीला उच्चारता येत नाही, आणि सबंध रामायण सांगायचे ते त्या नावावाचून! असल्या रचनेला कृत्रिम म्हणून नावे ठेवणारे टीकाकार पूर्वी होते आणि आजही आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त पंतांच्या कवितेचा कैवार घेतला तो अशाच आक्षेपांच्या पार्श्वभूमीवर. माझे मत असे आहे, की भाषेवर असे निर्बंध घालून पाहिल्याशिवाय तिच्यात किती पर्यायी वाटा आहेत हे कळत नाही, आणि शाळेतील मुलांनी तर एखाददुसरे वाक्य ओठ न मिटता रचण्याचा खेळ जरूर खेळावा.

अलंकारांविषयी फार विस्तार करीत नाही, कारण शाळेत त्यांचाच विस्तार अधिक झालेला आहे. जानेवारीच्या सुमारास उसाला पांढरे तुरे येतात. ‘तुरे वारीतल्या पताकांसारखे डुलत होते’ म्हटले तर उपमा. ‘तुरे म्हणजे जणू पताकाच’ म्हटले तर उत्प्रेक्षा. आणि ‘शेतभर तुऱ्यांच्या पताका उभ्या राहिल्या’ म्हटले तर रूपक. उपमेय तेच, उपमान तेच. दोघांतील अंतर कवीने किती ठेवले, एवढाच फरक.

याहून महत्त्वाचा प्रश्न शब्द सांगतो किती आणि सुचवतो किती, हा आहे. ‘पालखीच्या दर्शनाला सारी बारामती लोटली’ या वाक्यात घरे आणि रस्ते लोटले नाहीत, माणसे लोटली. मूळ अर्थ जुळेना म्हणून त्याच्याशी निगडित दुसरा अर्थ घ्यावा लागला, ही लक्षणा. व्यंजनेत मूळ अर्थ शाबूत राहतो आणि त्याच्या पलीकडे आणखी एक अर्थ उमटतो. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात अशा सूचित अर्थाला ध्वनी म्हटले आणि तोच काव्याचा आत्मा होय असा सिद्धांत मांडला. पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सूर्य मावळल्याचे एकच साधे विधान ऐकणाऱ्यागणिक कसे वेगवेगळ्या अर्थांनी पोचते हे दाखवून दिले. सूर्याच्या जागी आपण कालवा घेऊ. ‘पाणी सुटलं’ एवढेच कोणी पणदऱ्याच्या चौकात म्हणाले. शेतकऱ्याच्या मनात आले, फावडे काढावे. दुकानदाराच्या मनात आले, आता पीक हाती लागेल आणि उधारी वसूल होईल. मेंढक्याला कळले, की आता कळप कालव्यातून पलीकडे नेता येणार नाही, पुलाला वळसा घालावा लागेल. धुण्याचे बोचके बांधणाऱ्या बाईला कळले ते आणखीच निराळे. आणि आपल्या कथेतील धाकट्याच्या बायकोने मध्यरात्री, नवऱ्याला हलवून जागे करताना, हेच दोन शब्द उच्चारले, तर त्यांत ‘जा’ आहे आणि ‘भांडू नका’ हेही आहे. कोशात यांतील काहीच सापडत नाही. कोण, कोणाला, केव्हा बोलले या तीन गोष्टी ठाऊक असतील तरच ध्वनी ऐकू येतो, आणि म्हणून कवितेची एकच ओळ सुटी काढून तिचे सौंदर्य विचारणारे प्रश्न मला अन्यायाचे वाटतात.

रसाविषयीही एक गैरसमज दूर करायला हवा. भरताने नाट्यशास्त्रात शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत असे आठ रस सांगितले. शांत हा नववा पुढे मान्य झाला. युद्ध आले की वीर आणि मरण आले की करुण, असे विषयावरून रस ओळखण्याची सवय परीक्षेने लावली आहे. परंतु रस हा विषयात साठवलेला नसून प्रेक्षकाच्या मनात परिपाक पावतो. रणांगणावर पुत्र गमावलेल्या पित्याचे आख्यान ऐकताना युद्ध चालूच असते, आणि ऐकणाऱ्याच्या चित्तात करुण भरून येतो.

या सर्व संज्ञा कायमच्या कोरून ठेवलेल्या सनदा आहेत, असेही विद्यार्थ्याने समजू नये. ना. सी. फडक्यांनी १९३१ च्या ‘प्रतिभासाधना’त आणि नंतर लघुकथेच्या तंत्रावरील आपल्या लेखनात वेधक आरंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू आणि चटका देणारा शेवट यांचा जो आराखडा घालून दिला, त्याने मराठी लेखकांच्या एका पिढीला शिस्त लावली, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली, आणि तो आराखडा तिला अपुरा पडू लागला. नवकथेत पुष्कळदा बाहेर काहीच घडत नाही. मनाच्या आत काहीतरी सरकते आणि कथा संपते. फडक्यांच्या पद्धतीने आपली गोष्ट लिहिणारा सकाळच्या भिजलेल्या दोन शेतांवर कलाटणी देऊन थांबेल. नवकथाकार कदाचित उचललेल्या फावड्यापाशीच थांबेल आणि सकाळ होऊच देणार नाही. त्या कथेत उत्कर्षबिंदू शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तो सापडला नाही, तर कथा सदोष ठरत नाही. तिला विचारण्याचा प्रश्न बदलला पाहिजे, एवढेच.

राहता राहिला संवाद. बांधावर बसलेला थोरला आणि फावडे घेऊन आलेला धाकटा यांचे बोलणे ‘अण्णा, आजची पाळी माझी आहे’, ‘मला त्याची कल्पना आहे’ अशा छापील मराठीत लिहिले, की दोघेही भाऊ नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन क्रमिक पुस्तके येऊन उभी राहतात. ‘आण्णा, पाळी माझी हाय.’ ‘म्हाईत हाय. मागच्या पाळीला कुनाची व्हती?’ या दोन वाक्यांत नाते आहे, जुना हिशेब आहे आणि थोरल्याचा आवाज न चढवताही जाणवणारा राग आहे. माडगूळकरांनी निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवादांना माणदेशी बोली दिली. शंकर पाटलांनी कोल्हापूरकडच्या बोलीचा ठसका कथेत आणला. आणि आनंद यादवांनी १९७१ च्या ‘गोतावळा’ या कादंबरीत शेतमजूर नारबालाच निवेदक करून सगळे निवेदनही त्याच्या बोलीत लिहिले, कारण जो सांगतो आहे त्याची भाषा एक आणि सांगितलेल्या मजकुराची भाषा दुसरी, हे त्यांना मान्य नव्हते. तेव्हा पणदऱ्याच्या एखाद्या मुलीने कथालेखनाच्या प्रश्नात ही दोन भावांची गोष्ट सर्वज्ञ निवेदकाच्या मुखाने लिहायला घेतली, तर तिने निवेदन प्रमाण भाषेत व संवाद घरच्या भाषेत लिहावेत. धाकट्याच्याच तोंडून लिहायला घेतली, तर पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत त्याच्याच बोलीत लिहावे. आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने गोष्ट सांगणारा कोण आहे हे आधी पाहून घेऊन मगच लाल शाईचे पेन हाती धरावे.